विश्लेषण : देवबागच्या होडीतले जीपीएस आणि सीमेवरची तोफ, जमिनीवरच्या युद्धात उपग्रह इतके महत्त्वाचे का?

देवबागच्या मच्छीमाराला समुद्रात आपली जागा दाखवणारा संकेत आणि सीमेवरच्या तोफखान्याला लक्ष्याची जागा दाखवणारा संकेत एकाच वाटेने येतात, आकाशातून. गेल्या ३५ वर्षांत जमिनीवरच्या लढाईचे गणित या संकेतांनी बदलून टाकले. भारताकडे आज आकाशात डोळे आहेत, बोलण्याची सोय आहे, उपग्रह पाडण्याची ताकदही आहे. पण जागा आणि वेळ सांगणारी आपली स्वतःची व्यवस्था मात्र अडखळते आहे. हे नेमके काय प्रकरण आहे आणि त्याची झळ किनाऱ्यापर्यंत कशी पोहोचू शकते?

देवबागचा या विषयाशी काय संबंध?

मालवण तालुक्यातले देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. पूर्वी मासेमारीची जागा ओळखायची तर किनाऱ्यावरचे डोंगर, माडांची रांग, सिंधुदुर्ग किल्ला यांच्या खुणा लक्षात ठेवाव्या लागत. किनारा दिसेनासा झाला की होकायंत्र आणि तांडेलाचा अनुभव. आता होडीत जीपीएस असते किंवा खिशातल्या मोबाइलमध्ये तरी असते. मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे, याची सूचना हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था देते. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातले हरितद्रव्य उपग्रहांनी मोजले जाते आणि त्यावरून ही सूचना तयार होते. वादळाचा इशाराही उपग्रहांच्याच भरवशावर दिला जातो.

शेजारच्या तारकर्लीच्या किनाऱ्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाची प्रात्यक्षिके झाली. युद्धनौका, विमाने, कमांडो हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले. पण या सगळ्यांना एकमेकांशी जोडणारा भाग किनाऱ्यावरून दिसत नाही. तो शेकडो ते हजारो किलोमीटर वर असतो.

उपग्रह सैनिकासाठी नेमके काय करतात?

ढोबळमानाने चार कामे. पहिले, पाहणे. शत्रूचे रणगाडे, खंदक, नवे रस्ते, धावपट्ट्या यांची छायाचित्रे घेणे. दुसरे, ऐकणे. शत्रूचे रडार आणि संदेशयंत्रणा कुठून प्रक्षेपण करतात हे टिपणे. तिसरे, बोलणे. डोंगराआड असलेल्या तुकडीला मुख्यालयाशी जोडणे. चौथे, जागा आणि वेळ सांगणे.

यातले पहिले काम सर्वांना ठाऊक असते. चौथ्याकडे फारसे लक्ष जात नाही, कारण ते फुकट आणि कायम मिळते असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात तोफ, क्षेपणास्त्र, ड्रोन, रडार आणि संदेशांचे जाळे हे सारे या चौथ्या कामावर उभे असते.

एका तोफेचे गणित कसे असते?

पुण्याच्या ‘एआरडीई’ या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेली ‘पिनाका’ ही रॉकेट प्रणाली घेऊ. कारगिल युद्धात ती पहिल्यांदा वापरली गेली. तेव्हाच्या रॉकेटांचा पल्ला सुमारे ३८ किलोमीटर होता आणि एकदा सुटलेले रॉकेट वाटेत दिशा बदलू शकत नव्हते. आताच्या मार्गदर्शित आवृत्तीचा पल्ला ७५ किलोमीटरच्या घरात आहे.

पल्ला वाढला की चूकही वाढते. ७५ किलोमीटर अंतरावर मारा करताना दिशेत एका अंशाची चूक झाली, तर रॉकेट लक्ष्यापासून सुमारे १.३ किलोमीटर दूर पडते. म्हणजे शत्रूच्या तळाऐवजी शेजारच्या गावावर. ही चूक टाळण्यासाठी रॉकेटमध्ये दोन सोयी असतात. एक, स्वतःच्या हालचाली मोजून जागा काढणारी जडत्वीय यंत्रणा. ती बाहेरच्या कोणावर अवलंबून नसते, पण वेळ जाईल तशी तिची चूक साचत जाते. दुसरी सोय म्हणजे उपग्रहांचा संकेत, जो ही साचलेली चूक पुसत राहतो. मार्गदर्शित पिनाकात यासाठी ‘नाविक’ या भारतीय उपग्रह मालिकेची मदत घेतली जाते.

थोडक्यात, लांब पल्ल्याची आणि नेमकी तोफ हवी असेल तर आकाशातला आधार हवा. तो नसेल तर एका लक्ष्यासाठी एका रॉकेटऐवजी अनेक रॉकेटे खर्ची पडतात आणि निरपराधांचा जीव धोक्यात येतो.

याची सुरुवात कुठून झाली?

१९९१च्या आखाती युद्धाला अनेक अभ्यासक पहिले ‘अंतराळ युद्ध’ म्हणतात. कोणतीही खूण नसलेल्या वाळवंटातून अमेरिका आणि मित्रराष्ट्रांच्या रणगाड्यांनी इराकी फौजेला वळसा घातला, तो जीपीएसच्या आधारे. तेव्हा जीपीएसची २४ उपग्रहांची साखळी पूर्णही झाली नव्हती. लष्करी यंत्रे पुरेशी नसल्याने बाजारातली नागरी यंत्रे विकत घेऊन सैनिकांना द्यावी लागली. इराकने स्कड क्षेपणास्त्र डागले की त्याची उष्णता उपग्रह टिपत आणि इशारा पुढे जाई.

एक तपशील महत्त्वाचा आहे. त्या काळात अमेरिका नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे सामान्य यंत्राने दाखवलेली जागा १०० मीटरपर्यंत चुकू शके. या युद्धात आपल्याच सैनिकांच्या हाती नागरी यंत्रे असल्याने अमेरिकेने ही चूक तात्पुरती काढून टाकली आणि नंतर पुन्हा लागू केली. ती कायमची बंद झाली मे २००० मध्ये. संकेत ज्याचा, नळाची तोटीही त्याच्याच हातात, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

कारगिलमध्ये काय कमी पडले?

मे १९९९ मध्ये कारगिलची घुसखोरी लक्षात आली तेव्हा भारताच्या सर्वोत्तम दूरसंवेदन उपग्रहांची दृष्टी ५.८ मीटरची होती. म्हणजे चित्रातला एक ठिपका ५.८ मीटर लांब-रुंद. अशा चित्रात ट्रक एक-दोन ठिपक्यांचा दिसतो. दगडांच्या आडोशाला बसलेला माणूस दिसण्याचा प्रश्नच नाही. हवाई दलाच्या वैमानिकांनी त्या डोंगराळ भागात हातात धरायच्या साध्या जीपीएस यंत्रांची मदत घेतली. तेव्हा नागरी संकेतातली ती मुद्दाम मिसळलेली चूक कायम होती.

के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील कारगिल आढावा समितीने टेहळणीतल्या या उणिवेवर बोट ठेवले. पुढे ऑक्टोबर २००१ मध्ये एक मीटर दृष्टीचा ‘टीईएस’ उपग्रह सोडला गेला. नोव्हेंबर २०१९ मधल्या कार्टोसॅट-३ ची दृष्टी तर सुमारे पाव मीटरची आहे. १८ वर्षांत ही मोठी झेप आहे.

२६/११ नंतर काय बदलले?

२००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी समुद्रातून आले. ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून, जीपीएस यंत्रे आणि उपग्रह फोन घेऊन. अंतराळ तंत्रज्ञान फक्त सैन्यांच्या हाती राहिलेले नाही, हे त्या रात्री कोकणपट्टीने पाहिले. त्यानंतर पाच महिन्यांत, २० एप्रिल २००९ रोजी, भारताने इस्रायलच्या मदतीने तयार झालेला ‘रिसॅट-२’ हा रडार उपग्रह सोडला.

रडार कशासाठी, हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. जून ते सप्टेंबर ढगांनी भरलेल्या आभाळातून साध्या कॅमेऱ्याला खालचे काही दिसत नाही. रडार ढगांतून आणि रात्रीही पाहू शकते. सीमेवरच्या पावसाळी आणि बर्फाळ भागांत टेहळणीसाठी म्हणूनच रडार उपग्रह लागतात.

युक्रेनने जगाला काय दाखवले?

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाचे रणगाडे युक्रेनमध्ये शिरण्याच्या सुमारे तासभर आधी ‘व्हायासॅट’ कंपनीच्या उपग्रह इंटरनेट सेवेवर सायबर हल्ला झाला. हजारो मोडेम निकामी झाले. त्याचा फटका जर्मनीतल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांनाही बसला. त्यांच्यावर दुरून देखरेख ठेवणारा दुवाच तुटला. युद्धाचा पहिला घाव जमिनीवर नव्हे, उपग्रहाच्या सेवेवर होता आणि त्याने देशाच्या सीमा पाळल्या नाहीत.

मग ‘स्टारलिंक’ची यंत्रे आली आणि युक्रेनच्या खंदकांतून ड्रोनचे चित्र थेट तोफखान्यापर्यंत पोहोचू लागले. खासगी कंपन्यांच्या उपग्रहांनी कीव्हच्या दिशेने निघालेला सुमारे ६४ किलोमीटर लांबीचा रशियन ताफा साऱ्या जगाला दाखवला. एवढा मोठा ताफा लपवण्याचे दिवस संपले.

पण नाण्याची दुसरी बाजूही याच युद्धात दिसली. रशियाने संकेत दाबून टाकण्याची यंत्रणा मोठ्या प्रमाणावर लावली. जीपीएसवर चालणाऱ्या ‘एक्सकॅलिबर’ या अमेरिकी तोफगोळ्याची परिणामकारकता त्यामुळे फारच घसरल्याचे वृत्त मे २०२४ मध्ये आले. दोन्ही बाजूंनी मग बारीक काचतंतूच्या तारेने जोडलेले ड्रोन वापरायला सुरुवात केली, कारण तारेतला संकेत दाबता येत नाही. आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या सरकारी सेवेतून युक्रेनला मिळणारी ‘मॅक्सार’ची उपग्रहचित्रे काही काळ थांबवली. उसन्या डोळ्यांनी लढणाऱ्याचे डोळे मालक हवे तेव्हा मिटू शकतो, याचे इतके ताजे उदाहरण दुसरे नाही.

ऑपरेशन सिंदूरमध्ये काय घडले?

पहलगाममधल्या २२ एप्रिल २०२५ च्या हल्ल्यानंतर ७ मे रोजी भारताने दहशतवाद्यांच्या नऊ ठिकाणांवर मारा केला. देशाच्या सुरक्षिततेसाठी किमान १० उपग्रह अहोरात्र काम करत असल्याचे ‘इस्रो’चे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी ११ मे रोजी सांगितले. जुलैमध्ये लष्कराचे उपप्रमुख लेफ्टनंट जनरल राहुल सिंह यांनी दुसरी बाजू मांडली. भारताच्या हालचालींची थेट माहिती चीनकडून पाकिस्तानला मिळत होती, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. म्हणजे समोर लढणारा देश एक असला, तरी त्याला पाहून सांगणारा दुसरा असू शकतो.

त्याच महिन्यात, १८ मे रोजी, ‘ईओएस-०९’ हा रडार उपग्रह घेऊन निघालेली पीएसएलव्हीची मोहीम अपयशी ठरली. गरज सर्वाधिक असताना एक डोळा कमी झाला.

संख्येचा प्रश्नही गंभीर आहे. सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह साधारण ९५ मिनिटांत पृथ्वीला फेरी घालतो. पण खाली पृथ्वी फिरत असल्याने तीच जागा त्याला पुन्हा नीट दिसायला काही दिवस लागू शकतात. तेवढ्या वेळात तोफखान्याची तुकडी जागा बदलते. उपाय एकच, उपग्रहांची संख्या वाढवणे. केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या योजनेत ५२ टेहळणी उपग्रह आहेत. त्यातले ३१ खासगी कंपन्यांनी करायचे आहेत. नौदलासाठीचा ‘सीएमएस-०३’ हा ४,४१० किलो वजनाचा संदेशवहन उपग्रह २ नोव्हेंबर २०२५ रोजी अवकाशात गेला. भूदलासाठीच्या ‘जीसॅट-७बी’चा २,९६३ कोटी रुपयांचा करार मार्च २०२३ मध्ये झाला आहे.

मग दुखणे कुठे आहे?

दुखणे घड्याळात आहे. जागा सांगणारा प्रत्येक उपग्रह खरे तर वेळ सांगत असतो. संकेत किती वेळात पोहोचला यावरून यंत्र अंतर काढते. प्रकाशाच्या वेगाने जाणारा संकेत एका सेकंदाच्या दशलक्षांश भागात ३०० मीटर जातो. घड्याळ तेवढे चुकले की अंतर ३०० मीटरने चुकले. म्हणून उपग्रहात अणुघड्याळे लागतात आणि जागा, उंची व वेळ अचूक कळण्यासाठी किमान चार उपग्रह एकाच वेळी दिसावे लागतात.

भारताची ‘नाविक’ मालिका २०१३ ते २०१६ दरम्यान सात उपग्रहांनी उभी राहिली. भारत आणि सभोवतालचा १,५०० किलोमीटरचा पट्टा हे तिचे क्षेत्र. एप्रिल २०१६ मध्ये सातवा उपग्रह गेला तेव्हा पंतप्रधानांनी ‘नाविक’ हे नाव दिले, ते समुद्रात जाणाऱ्या नाविक-मच्छीमारांच्या सन्मानार्थ. पण त्याच वर्षी पहिल्या उपग्रहातली परदेशातून आणलेली तिन्ही अणुघड्याळे बंद पडली. पुढे इतर उपग्रहांतही हेच दुखणे उद्भवले. २०१७ मध्ये बदली उपग्रहाची मोहीम फसली. मे २०२३ मध्ये स्वदेशी अणुघड्याळ असलेला ‘एनव्हीएस-०१’ यशस्वीपणे गेला. जानेवारी २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याच्या १००व्या उड्डाणातून गेलेला ‘एनव्हीएस-०२’ मात्र इंजिनाकडे जाणारी झडप न उघडल्याने ठरलेल्या कक्षेत पोहोचलाच नाही.

जुलै २०२५ मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार आतापर्यंत सोडलेल्या ११ उपग्रहांपैकी जागा सांगण्याचे काम फक्त चार करत होते. चार केवळ एकतर्फी संदेश देण्यासाठी वापरात होते, एक निवृत्त झाला होता आणि दोन कक्षेतच पोहोचले नव्हते. किमान चार लागतात आणि तेव्हा चारच होते. राखीव एकही नव्हता. घरात चार खांब आहेत म्हणून पाचव्याची गरज नाही असे म्हणता येईल, पण एक खांब हलला की छप्पर खाली येते.

संकेत दाबला गेला तर किनाऱ्याला काय?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत, नाविकचे त्याहून वर, ३६,००० किलोमीटरच्या आसपास. जमिनीवर पोहोचेपर्यंत त्यांचा संकेत इतका क्षीण होतो की त्याच लहरींवर छोट्या यंत्राने गोंगाट केला तरी तो बुडून जातो. याला जॅमिंग म्हणतात. स्पूफिंग त्याहून फसवे असते. त्यात खोटा संकेत पाठवला जातो आणि यंत्र चुकीची जागा खरी समजून दाखवत राहते.

हे फक्त रणांगणावर घडते असे नाही. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू परिसरात, विमानांच्या जीपीएसमध्ये अडथळ्याच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्या. डिसेंबर २०२५ मध्ये सरकारने संसदेत सांगितले की असे प्रकार मुंबईसह अनेक मोठ्या विमानतळांवरही आढळले आहेत. विमानाकडे पर्यायी यंत्रणा असते, प्रशिक्षित वैमानिक असतो. रात्री वाऱ्यात कर्लीच्या मुखाकडे परतणाऱ्या छोट्या होडीकडे काय असते? पालघरच्या खलाशांना याचा वेगळा अनुभव आहे. गुजरातच्या नौकांवर कामाला गेलेले त्यातले काही जण सागरी हद्दीच्या वादात पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षे काढून आले. समुद्रात रेषा दिसत नाही. ती यंत्रच दाखवते.

चांगली गोष्ट अशी की पर्याय उभा राहतो आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमधूनच देशभरातल्या एक लाख मासेमारी नौकांवर ‘इस्रो’ने विकसित केलेले ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. मोबाइलची रेंज नसतानाही त्यातून दोन्ही बाजूंनी संदेश जाऊ शकतो. वादळाचा इशारा नौकेपर्यंत आणि मदतीची हाक किनाऱ्यापर्यंत. २० मीटरपेक्षा लांब नौकांना ओळख-यंत्रणा आधीपासून सक्तीची आहे. सुरक्षा यंत्रणांनाही आपली नौका कोणती आणि अनोळखी कोणती हे त्यातून कळते.

पुढे काय व्हायला हवे?

मार्च २०१९ मध्ये ‘मिशन शक्ती’ने भारताने सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरचा आपलाच उपग्रह पाडून दाखवला. ती क्षमता धाक म्हणून ठीक आहे. पण युद्ध रोज जिंकावे लागते ते टिकून राहणाऱ्या साध्या सेवांवर आणि त्यांची मोजणी टाळ्यांनी होत नाही. म्हणून काही गोष्टी स्पष्ट म्हणायला हव्यात.

पहिली, ‘नाविक’चे उरलेले उपग्रह हा संरक्षणाचा प्रश्न मानून वेळापत्रकाने सोडले पाहिजेत. प्रत्येक कामासाठी एक तरी राखीव उपग्रह कक्षेत हवा आणि तीन वर्षांनी किती उपग्रह चालू असतील, हे संसदेला आधी सांगितले पाहिजे. प्रश्न विचारल्यावर नव्हे.

दुसरी, मोहीम फसली तर तिची कारणे मोकळेपणाने मांडली पाहिजेत. गुप्ततेची गरज टेहळणी उपग्रहाच्या चित्रांना असते, न उघडलेल्या झडपेला नसते.

तिसरी, देवळालीच्या तोफखाना शाळेपासून सीमेवरच्या तुकडीपर्यंत, उपग्रह नसताना लढण्याचा सराव कायम राहिला पाहिजे. नकाशा, होकायंत्र आणि जडत्वीय यंत्रणा ही जुनी झालेली साधने नाहीत. युक्रेनमध्ये काचतंतूची तार परत आली, ती याच कारणाने.

चौथी, ट्रान्सपॉन्डर देताना लहान होड्या मागे राहता कामा नयेत. यंत्र बसवणे पुरेसे नाही. ते दुरुस्त कोण करणार, खाऱ्या हवेत ते किती टिकते, मराठीत संदेश येतो का, हे मत्स्यव्यवसाय विभागाने बंदरनिहाय पाहायला हवे. दर वर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. यंत्रे तपासायला आणि वापर शिकवायला याहून चांगले दोन महिने कोणते?

ज्या व्यवस्थेला मच्छीमारांच्या सन्मानार्थ नाव दिले, ती त्याच मच्छीमाराच्या हातातल्या यंत्रात आज जेमतेम तग धरून आहे. सीमेवरचा जवानही तिच्यावरच विसंबणार आहे. देवबागचा तांडेल मुखाबाहेर पडण्याआधी इंजिन, डिझेल, जाळे सगळे एकदा तपासतो; समुद्रात गेल्यावर दुरुस्तीला कोणी येत नाही हे त्याला ठाऊक असते. आकाशातल्या नाविकचीही तपासणी लढाई सुरू होण्याआधीच व्हायला हवी.